पाण्याची दोन तापमानं

माझ्या पीएच.डी.च्या सरांनी लिहिलेलं ते पत्र पोर्टलवर मीच चढवायचं होतं. सरांना नियतकालिकाच्या त्या पोर्टलवर लॉगिन करता यायचं नाही. तीन वर्षांत त्यांनी पासवर्ड एकदाही लक्षात ठेवला नव्हता, तो माझ्याकडेच असायचा. पानं नीट उमटली आहेत का, एवढंच बघायला मी फाइल उघडली, आणि तिसऱ्या परिच्छेदात मला मी सापडले. मजकूर इंग्रजीत होता, अर्थ असा : संशोधक विद्यार्थिनीच्या अननुभवामुळे आणि मार्गदर्शकांच्या सूचनांकडे तिने केलेल्या दुर्लक्षामुळे ही त्रुटी राहिली.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. रडू वगैरे आलं नाही. कानशिलं तापली आणि दात इतके आवळले गेले की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता. माझ्याविरुद्ध लिहिलेलं खोटं, आणि ते पाठवायचं कामही माझंच.

झालं होतं ते असं.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक खोली आहे, तिथे बसून मी बारावीपासून एम.एस्सी.पर्यंतचा अभ्यास केला. पीएच.डी.ला सोलापुरात प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. सर करमाळ्याकडच्या खेड्यातले. त्यांच्या घरातही कॉलेजची पायरी चढलेले ते पहिलेच. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "आपण दोघंबी गावाकडचे. घाबरायचं नाही." त्या वाक्यावर मी तीन वर्षं जगले. म्हणून राग जास्त आहे. परक्या माणसाचा एवढा आला नसता.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याशी आमच्या विभागाचा करार झाला होता. सूत रंगवताना रंग थोडा धाग्याला धरतो, उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. त्यांच्याकडे दोन लाल रंग होते. त्यातला कोणता धाग्याला जास्त धरून राहतो आणि का, हे आम्ही संगणकावर शोधायचं होतं. कापसाच्या तंतूचा एक सूक्ष्म तुकडा, रंगाचे थोडे रेणू आणि भोवती पाण्याचे हजारो रेणू. संगणक प्रत्येक रेणूवर किती जोर येतोय ते काढतो, त्याला काळाचं एक पाऊल पुढे सरकवतो, पुन्हा जोर काढतो, पुन्हा सरकवतो. अशी कोट्यवधी पावलं. एक पाऊल किती काळाचं हे आपण ठरवायचं. लहान ठेवलं तर उत्तर भरवशाचं, पण महिनेच्या महिने जातात. मोठं ठेवलं तर काम भराभर उरकतं, पण वळणावर रेणू वाट सोडतो. त्यातून पाण्याचा रेणू भलताच चपळ. त्यातला हायड्रोजन हलका असल्यामुळे तो गर्रकन फिरतो, आणि आपण लांब टांगा टाकत गेलो की ते फिरणं धड मोजलंच जात नाही.

मी एक फेम्टोसेकंदाचं पाऊल ठेवलं होतं. फेम्टोसेकंद किती लहान हे सांगायला शब्द नाही. पापणी लवेपर्यंत ते कोट्यवधींनी, छे, त्याच्याही कितीतरी पट अधिक निघून जातात. मार्चमध्ये कारखान्याचा अहवाल द्यायची वेळ आली आणि काम अर्ध्यावरच होतं.

सर म्हणाले, "तीन टाक."

"सर, तीन फार होतं. लोक फार तर दोन घेतात."

"पाण्याचे बंध ताठ धरलेत ना आपण? मग काही होत नाही. तीन टाक आणि मोकळी हो."

मी तीन टाकलं. लॉगबुकात लिहिलं, 'सरांच्या सांगण्यावरून पाऊल तीन.' ही माझी हुशारी नव्हती. मी रोज सगळंच लिहायचे, आणि दर शनिवारी सर न वाचता खाली सही करायचे. अहवाल वेळेत गेला. दुसरा लाल रंग धाग्याला जास्त धरतो, असा निष्कर्ष निघाला. त्यावरच पेपर लिहून नियतकालिकाला पाठवला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं.

चूक सापडली ती भलत्याच कामात. मे महिन्यात मला एम.एस्सी.च्या मुलांसाठी एक प्रात्यक्षिक तयार करायला सांगितलं होतं. विषय ऊर्जेची समविभागणी. नियम साधा आहे. पदार्थ एका तापमानाला स्थिरावला की त्याच्यातली ऊर्जा हालचालीच्या सगळ्या प्रकारांत सारखी वाटली जाते. रेणूच्या सरळ धावण्याला जेवढी, तेवढीच त्याच्या स्वतःभोवती फिरण्याला. मला हा नियम बी.एस्सी.पासून आवडायचा, कारण त्यात वशिला चालत नाही. मुलांना दाखवायला म्हणून मी आमच्याच कामातलं पाणी घेतलं, धावण्याचं तापमान वेगळं काढलं, फिरण्याचं वेगळं काढलं. दोन्ही तीनशे केल्विन, म्हणजे साधारण खोलीतल्या पाण्याइतकी, यायला हवी होती.

एक आलं तीनशे सहा. दुसरं दोनशे चौऱ्याण्णव.

मला वाटलं, माझाच प्रोग्राम चुकला. प्रयोगशाळेचा एसी बंद पडला होता, मोठी यंत्रं दुपारी बंद ठेवावी लागत होती. मी स्वतःच्या लॅपटॉपवर टेबलफॅन लावून दोन आठवडे फक्त पाणी चालवलं. रंग नाही, धागा नाही, नुसतं पाणी. सूत्रं कागदावर हाताने मांडून पुन्हा तपासली. मग पाऊल बदलत गेले. तीनला फरक मोठा, दोनला कमी, एकला थोडका, अर्ध्याला जवळजवळ नाहीच. पाऊल दुप्पट केलं की फरक साधारण चौपट होत होता. इतकी शिस्तबद्ध चूक प्रोग्रामच्या गफलतीने होत नाही. ती पावलाचीच होती. आमचं पाणी धावत होतं जास्त गरम आणि फिरत होतं जास्त थंड. प्रोग्राममधला तापमान राखणारा भाग फक्त एकूण आकडा बघतो, म्हणून पडद्यावर तीन महिने तीनशेच दिसत राहिलं.

मला आनंद झाला होता, हे आता सांगायची लाज वाटते. वाटलं, सर खूश होतील. आलेख छापून मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आपल्या पाण्याला दोन तापमानं येतायत."

सरांनी कागद बघितला. "एकूण किती?"

"तीनशे."

"आपण किती मागितलं होतं?"

"तीनशे."

"मग झालं की."

"सर, रंग धाग्याला धरतो का सुटतो, ते भोवतीचं पाणी कसं वळतं यावर ठरतं. आणि नेमकं ते वळणंच थंड पडलंय. आपला निष्कर्ष उलटाही असू शकतो."

"सगळं जग दोन टाकतं."

"आपण तीन टाकलंय. आणि फरक दोनलाही येतोय."

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "म्हणजे सगळं जग चुकलं आणि कुर्डुवाडीची एकटी बरोबर?"

शेजारच्या खुर्चीवर बसलेले दुसरे प्राध्यापक हसले. मीही हसले. आज सगळ्यात जास्त चीड त्या हसण्याची येते. मी हसायला नको होतं. "तुझं थीसिसचं वर्ष आहे, बाळ," सर म्हणाले, "उगाच उकरत बसू नको." मी त्या दिवशीचं सगळं लॉगबुकात लिहिलं, शनिवारी सरांनी त्याच्याखालीही सही केली, आणि मी गप्प बसले. चार महिने. चूक माहीत असताना त्याच आकड्यांवर पुढचं प्रकरण लिहीत राहिले. त्या चार महिन्यांचा दोष सरांवर टाकता येत नाही. तो माझा.

सप्टेंबरात नियतकालिकाकडून परीक्षकाचे प्रश्न आले. तिसरा प्रश्न एका ओळीचा होता : पावलाची लांबी पाहता, धावण्याचं आणि फिरण्याचं तापमान वेगवेगळं काढून दाखवावं. कुठल्या देशातला, कोण माणूस, मला ठाऊक नाही. पण त्याचे पाय धरावेसे वाटले. सर म्हणाले, उत्तर मी लिहितो. आणि त्यांनी ते पत्र लिहिलं.

मी फाइल पोर्टलवर चढवली नाही. छापली आणि केबिनमध्ये गेले.

"सर, हे वाक्य खोटं आहे."

"कुठलं?" कुठलं ते त्यांना माहीत होतं. चष्मा न लावताच कागदाकडे बघत होते.

"पाऊल तुम्ही ठरवलं. चूक मी दाखवली. इथे उलटं लिहिलंय."

"अगं, ही लिहायची पद्धत असते. परीक्षकाला काहीतरी कारण द्यावं लागतं. मी चुकलो असं लिहिलं तर उद्या प्रकल्प बंद होईल. तुझं काय जातंय? तू विद्यार्थिनी. विद्यार्थ्यानं चुकायचंच असतं."

"पण मी चुकले नाही ना, सर."

"आवाज खाली."

"आवाज खालीच आहे."

सर खुर्चीत मागे रेलले. मग अगदी शांतपणे, समजावल्यासारखं म्हणाले, "तुम्हा लोकांना ना, राग फार लवकर येतो."

"कुठल्या लोकांना, सर?"

वर पंखा खटखट करत होता. सर खिडकीकडे बघायला लागले. "आजकालच्या पोरांना म्हणतोय मी."

मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. आपण दोघंबी गावाकडचे, म्हणणारा तो माणूस त्या खुर्चीतून उठून गेला आणि मागे दुसराच कुणीतरी बसून राहिला, असं मला वाटलं.

"मी हे अपलोड करणार नाही," मी म्हणाले.

"लई शानी झालीस का तू?" आता करमाळा बाहेर आला. "मी करीन. मला येत न्हाय असं वाटतंय का तुला?"

मी चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून आले. पत्र गेलं नाही. चार दिवसांनी मी पुन्हा केबिनमध्ये गेले तेव्हा चिठ्ठी तिथेच, पेपरवेटखाली होती.

घरी सांगितलं तर वडील घाबरले. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "साहेबाच्या तोंडाला लागू नको. सही त्येच्याच हातात हाय की. माफी माग, मोकळी हो."

"कशाची माफी, पप्पा?"

"कशाची का असंना. मी तीस वर्षं काय केलं असंल? फोरमन चुकला तरी मान मीच खाली घातली. म्हणून तुमी शिकला."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "तुम्ही मान खाली घातली ती मीपण घालावी म्हणून नाही घातली!" आई भाकरी थापायची थांबली. वडील उठले, चप्पल घालून बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेलाच परत आले. आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही. त्यांना बोललेलं मला टोचतं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटत नाहीत.

ऑक्टोबरात माझ्या कामाची सहामाही तपासणी होती. समितीत विभागप्रमुख बाई होत्या, सर होते आणि पुण्याहून आलेले एक प्राध्यापक. मी ठरवलं होतं, पत्राबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, फक्त पाणी दाखवायचं. अर्धा, एक, दोन, तीन. चार पावलं, प्रत्येकाची दोन-दोन तापमानं. शेवटी सांगितलं, आमचा कारखान्याला दिलेला निष्कर्ष तीनच्या पावलावर उभा आहे, म्हणून तो धरता येणार नाही.

पुण्याचे प्राध्यापक पुढे सरकले. "तीन कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी तिला पहिल्यापासून एकच टाक म्हणून सांगितलं होतं."

इतक्या सहज. जसं कुणी वेळ सांगावी. माझी सगळी तयारी, न बोलायचा निश्चय, सगळं उडालं. मी पिशवीतून लॉगबुक काढलं, पान उघडलं आणि विभागप्रमुख बाईंच्या समोर आपटलं. ठेवलं नाही, आपटलं. पाण्याचा पेला हिंदकळला.

बाईंनी मोठ्याने वाचलं, "सरांच्या सांगण्यावरून पाऊल तीन." मग पान उलटत मे महिन्यापर्यंत आल्या. "दोन तापमानं सरांना दाखवली. सर म्हणाले, उकरू नको." दोन्हींखाली सही होती.

मग बाई म्हणाल्या, "सर, पेपर मागे घ्या. आणि हिला अर्ध्या पावलाने सगळं पुन्हा करू द्या. यंत्रं हिच्याकडे राहतील."

मला वाटलं, संपलं. न्याय झाला. आठवड्याने बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात होतं, 'तांत्रिक दुरुस्ती सुचवण्यात आली.' सर खोटं बोलले हे नव्हतं, मी आधी सांगितलं होतं हेही नव्हतं. होती ती शेवटची ओळ : 'विद्यार्थिनीने संयम बाळगावा.' मी बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझं काम झालं ना? मग आता कागदासाठी भांडू नको." बाई वाईट नाहीत. त्यांनी माझं काम वाचवलं. पण ती ओळ त्यांच्या सहीने आहे.

अर्ध्या पावलाने सगळं पुन्हा करायला आठ महिने लागले. निष्कर्ष खरंच उलटला. धाग्याला जास्त धरत होता तो पहिला लाल. दुसरा पाण्यात सुटत होता.

हे कारखान्याला सांगायला हवं होतं. सर म्हणाले, पत्र पाठवू. सहा आठवडे गेले, पत्र काही गेलं नाही. मग मीच रिक्षा करून चिंचोळीला गेले. तिथल्या इंजिनियरला सांगितलं, "मागच्या वर्षीचा अहवाल चुकीचा आहे. त्यावर तुम्ही रंग बदलला असेल तर…"

"कुठला अहवाल, मॅडम?" त्याने जरा आठवलं. "तो व्हय! फायलीला हाय की. ऑडिटला दाखवावा लागतो. वाचला नाय कुणी."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. एका अहवालाच्या घाईपायी पाऊल तीन केलं, पाणी खोटं झालं, माझं एक वर्ष जळालं, आणि तो अहवाल कुणी उघडलासुद्धा नव्हता. इंजिनियरला माझा चेहरा बघून वाईट वाटलं असावं. तो मला आत रंगखात्यात घेऊन गेला. तिथले रंगमास्तर म्हातारे होते. मदतनिसाशी तेलुगूत बोलत होते, मला बघून मराठीवर आले. मी दोन रंगांची नावं सांगितली आणि विचारलं, "ह्यातला कुठला जास्त धरतो?"

"पयला," ते लगेच म्हणाले. "दुसरा लई सुटतो. त्यो धराया पायजे म्हणून तर मीठ जास्त टाकतो आमी."

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी विचारलं होतं की पाणी ओलं असतं हे कधी कळलं.

माझा सगळ्यात खरा राग त्या क्षणी आला, आणि तो स्वतःवर होता. प्रयोगशाळेपासून तिथपर्यंत रिक्षाने अर्धा तास. इतक्या वर्षांत मी त्या रंगाच्या कढईपाशी एकदाही आले नव्हते. दुसरा लाल का सुटतो हे मास्तरांना सांगता आलं नसतं, ते आमचं काम होतं, आणि आता ते मला सांगता येत होतं. पण सुटतो, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, आणि मग तीनच्या पावलाचं उत्तर मी तासभरही खरं मानलं नसतं. मी त्यांना अर्धा तास बसून समजावलं, पाणी रंगाच्या रेणूभोवती कसं वळतं आणि दुसऱ्या लालला धाग्यापासून कसं ओढून घेतं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि दोन प्रश्न विचारले. दोन्ही प्रश्न आमच्या समितीतल्या प्रश्नांपेक्षा चांगले होते. ते मी थीसिसमध्ये घातले, उत्तरांसकट.

नवा पेपर छापून आला. पहिलं नाव या वेळी माझं आहे. त्यासाठीही भांडावं लागलं, ते आता सांगत बसत नाही. मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. समविभागणीचं प्रात्यक्षिक माझ्याकडेच आहे. सर जिन्यात भेटतात. मी नमस्कार करते, ते मान हलवतात. लोकांना वाटतं, जुनं सगळं विसरलं गेलं.

मौखिक परीक्षेच्या दिवशी दुपारी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. वडिलांनी दिला होता, पहिला पेढा सरांना असं बजावून. सरांनी पेढा घेतला, अर्धा तोडून खाल्ला. मग म्हणाले, "तू त्या वेळी मला येऊन सांगायला हवं होतंस. समितीपर्यंत जायची गरज नव्हती."

"सांगितलं होतं, सर. मे महिन्यात. आलेख घेऊन आले होते."

"तसं नाही. नीट सांगायला हवं होतंस."

मी बॉक्सचं झाकण लावलं. "नीटच सांगितलं होतं," एवढं म्हणाले आणि उरलेले पेढे घेऊन खाली कार्यालयातल्या शिपायांकडे गेले.